दिवा लागतो, आवाज येत नाही

युसूफ वडगाव, ता. केज
२० ऑक्टोबर २०२४

सतीश,
सप्रेम जयभीम.

पत्र बघून तुला नवल वाटेल. फोन का केला नाही ते आधी सांगते. जीवन गेल्यापासून माझा फोन बाबांच्याच हातात असतो. त्याच्या कार्यक्रमांचे व्हिडिओ ते बघत बसतात. आणि मला जे विचारायचं आहे ते बाबांना कळू द्यायचं नाही. म्हणून हे राधाकिशनच्या ट्रॅव्हल्सबरोबर पाठवते आहे. उत्तर घरी पाठवू नकोस. भगवानरावांच्या कृषी सेवा केंद्रावर पाठव. मी तिथेच बिलं लिहिते.

१५ डिसेंबरला, रविवारी, जीवनचा पहिला स्मृतिदिन घरासमोर करायचं ठरलं आहे. भंतेजी येतील, वंदना होईल, मग गायन. बाबा स्वतः गाणार आहेत. जीवनचं गिटार तू वाजवायचं आणि त्याने बनवलेलं आवाज घुमवायचं पेडलही तूच पायाने दाबायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं आहे. "माझ्या पोरानं घरी केलेल्या डब्यातून कसा घुमणारा आवाज निघतो, ते समद्या गावानं ऐकलं पाहिजे," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात.

काल बाबा केजला गेले तेव्हा मी पेडल काढून बघितलं. गिटारची वायर त्याला जोडली, त्यातून दुसरी वायर बाबांच्या अँप्लिफायरला. पेडल दाबलं की लाल दिवा लागतो. आवाज येत नाही. घुमणारा राहू दे, साधाही येत नाही.

तू बीडला पॉलिटेक्निकमध्ये जीवनच्या खोलीवर होतास, पुढे त्याच्या गायन पार्टीत ढोलकीवरही होतास. या पेडलची माहिती तुझ्याइतकी कोणाला नसणार. काय तपासायचं ते क्रमाने लिही. मी बारावी सायन्स आहे, जमेल मला.

आई बरी आहे. अंजली जीवन गेल्यापासून माहेरी, धर्मापुरीलाच आहे.

वनिता


चाकण
२७ ऑक्टोबर २०२४

प्रिय वनिताताई,
जयभीम.

तुझं पत्र गेटवरच्या वॉचमनने आणून दिलं आणि म्हणाला, "कोर्टाचं हाय का बे?" आजकाल पत्र आलं की माणसं घाबरतात. मीही घाबरलो.

ताई, एवढं मनाला लावून घेऊ नको. वर्षभर पडून राहिलेली वस्तू रुसतेच. पहिलं म्हणजे बॅटरी नवी टाक. दिवा लागायला थोडी वीज पुरते, आवाजाला जास्त लागते. दुसरं, दोन्ही वायरी आलटून पालटून बघ. वायर आतून तुटते आणि वरून शहाण्यासारखी दिसते, आपल्या पार्टीतल्या माणसांसारखी. तिसरं, गिटारवरचा आवाजाचा खटका पूर्ण उघडा आहे का ते बघ. जीवन तो कायम बंद करून ठेवायचा.

एवढं करून नाही झालं तर राहू दे. मागचे स्क्रू काढू नको. आतलं काम नाजूक आहे, एक तार हलली तर सगळं बसेल. मी कार्यक्रमाच्या आधी येतो आणि बघतो. नाहीच झालं तर इथून एक चांगलं तयार पेडल आणतो. काकांना कुठे फरक कळणार आहे? त्यांना आवाज घुमला म्हणजे झालं.

बन्सीकाकांना आणि काकूंना जयभीम सांग. तब्येतीला जप.

तुझा भाऊ,
सतीश


युसूफ वडगाव
३ नोव्हेंबर २०२४

सतीश,
जयभीम.

बॅटरी नवी टाकली. दोन्ही वायरी आधी गिटारवरून थेट अँप्लिफायरला लावून बघितल्या, दोन्हींतून स्वच्छ आवाज येतो. गिटारचा खटका उघडा आहे. म्हणजे वायर, गिटार, अँप्लिफायर सगळं ठीक आहे. मधे पेडल आलं की आवाज मरतो. दोष पेडलमध्येच आहे.

तू नको म्हणालास तरी मी मागचे स्क्रू काढले. भिंतीत बसवतात तो लोखंडी स्विचबॉक्स त्याने वापरला आहे, हे मला माहीत नव्हतं. आत हिरव्या बोर्डावर सगळे भाग किती ओळीने बसवले आहेत! एकही वाकडा नाही. लहानपणी त्याला चित्राच्या वहीत सरळ रेघ ओढता येत नव्हती. मी बराच वेळ नुसती बघत होते. काही हलवलं नाही. झाकण परत लावलं.

तयार पेडल आणू नकोस. काकांना फरक कळणार नाही असं तू लिहिलंस. मला कळेल. तू घरातलाच आहेस, तुला माहीत आहे, पण एकदा लिहिते. जीवन दहावी झाला त्याच वर्षी मी बारावी झाले. माझं अंबाजोगाईला डी.एड.च्या यादीत नाव लागलं, त्याचं बीडला पॉलिटेक्निकला. दोघांना बाहेर ठेवणं बाबांना शक्य नव्हतं. बाबा म्हणाले होते, "पोरीचं नाव आलंय तर पोरीलाच धाडू." मीच म्हटलं, त्याला जाऊ दे, मी पुढच्या वर्षी बघेन. पुढचं वर्ष आलं तेव्हा त्याचा खर्च चालूच होता. मग विषय निघालाच नाही.

त्याला नोकरी लागली नाही याचं मला कधी वाईट वाटलं नाही. हे पेडल त्याने केलं तेव्हा मला वाटलं, चला, शिकला तर खरा. बाबांना वाटतं ती मुलाची आठवण आहे. माझ्यासाठी ती त्याहून थोडी जास्त आहे. म्हणून त्यातूनच आवाज यायला हवा.

आता पुढे काय तपासू?

वनिता


चाकण
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय ताई,
जयभीम.

तुझ्यापुढे हात टेकले. आमच्या लाइनवरचे इंजिनिअर एवढं नीट तपासत नाहीत.

तू लिहिलेल्यावरून मला वाटतं आयसी गेली असावी. आयसी म्हणजे ते काळं, किड्यासारख्या पायांचं. ती एकटी बदलणं घरी जमणार नाही. म्हणून मी एक काम केलं. बुधवार पेठेतून सामान आणलं आणि तस्साच दुसरा बोर्ड जोडला. कंपनीत तपासून बघितला, आवाज एक नंबर घुमतो. तो या पार्सलमध्ये आहे. त्याला चार तारा सोडल्या आहेत. लाल बॅटरीला, काळी डब्याच्या लोखंडाला, पिवळी गिटारच्या बाजूच्या जॅकला, निळी अँप्लिफायरच्या बाजूच्या जॅकला. जुन्या बोर्डाच्या तारा कापायच्या आणि तिथे या लावायच्या, बस. डबा जीवनचा, बटण जीवनचं, दिवा जीवनचा. एक भाग बदलला म्हणून पेडल परकं होत नाही. मोटारसायकलचं इंजिन बदललं तरी नंबर तोच राहतो की.

जुना बोर्ड उलटासुलटा करत बसू नको. कागदात गुंडाळ आणि राधाकिशनबरोबर तसाच मला पाठवून दे. मी निवांत दुरुस्त करतो.

भगवानराव पार्सल उघडून बघतील. त्यांना सांग, पुण्याचं सुधारित बियाणं हाय, पेरलं की गाणं उगवतं.

सतीश


युसूफ वडगाव
२० नोव्हेंबर २०२४

सतीश,

पार्सल मिळालं. बोर्ड अजून बसवलेला नाही.

जुना बोर्ड उलटा करू नको, असं तू लिहिलंस. त्याआधी मागचे स्क्रू काढू नको, असं लिहिलं होतंस. बिघडलेली वस्तू न बघता परत पाठव, हे मला समजलं नाही. तरी मी तुझं ऐकणार होते.

पण रविवारी बाबा नेहमीसारखे व्हिडिओ बघत होते. गेल्या वर्षीचा जयंतीचा कार्यक्रम. मी शेजारी गहू निवडत होते. जीवन पेडल दाबतो, दिवा लागतो, आवाज घुमतो. बाबा तेवढंच परत परत लावतात. चौथ्या पाचव्या वेळेला माझ्या लक्षात आलं की दिवा लागल्याबरोबर आवाज बदलत नाही. जरा थांबून बदलतो. एका ठिकाणी तर जीवनने पेडल दाबलंय, दिवा लागलाय, त्याने मान वर करून बाजूला बघितलंय, आणि मग आवाज घुमलाय. तो बघतो त्या बाजूला साउंडवाला शिवशंकर आहे. मिक्सरवर हात ठेवून जीवनच्या पायाकडे वाकून बघतोय.

बाबा म्हणाले, "कावून थांबलीस गं? निवड की."

बाबा झोपायला गेल्यावर मी बोर्ड बाहेर काढला आणि उलटा केला. बॅटरी, बटण आणि दिवा, एवढ्यांनाच सोल्डरचा डाग दिलेला आहे. बाकीच्या भागांचे पाय भोकांतून खाली आले आहेत, पण एकालाही डाग नाही. नखाने जोर दिला तर एक निघून हातात आला. फेविक्विकने चिकटवले आहेत. गिटारची वायर जिथे आत येते, तिथून पुढे तार कुठेच जात नाही.

हे पेडल बिघडलेलं नाही. त्यातून कधी आवाज आलेलाच नाही. बरोबर का?

तुला हे माहीत होतं का, एवढंच लिही.

वनिता


चाकण
२६ नोव्हेंबर २०२४

ताई,
जयभीम.

आता तू बघितलंसच तर सांगतो. पण रागावू नको, यात कोणाचं वाईट केलेलं नाही.

जीवनने ते खरंच बनवायला घेतलं होतं. महिनाभर झटला. पहिल्यांदा जोडलं तेव्हा धूर निघाला, दुसऱ्यांदा नुसती घरघर. तेवढ्यात केजचा कार्यक्रम आला. बन्सीकाका पहिल्या रांगेत बसणार होते आणि "पोरानं केलेली मशीन बघायची हाय" म्हणून पाहुणेही घेऊन येणार होते. शिवशंकर म्हणाला, "अरे घुमवायचंच हाय ना? माझ्या मिक्सरवर खटका हाय की. तू दिवा लाव, मी घुमवतो." मग गिटारची वायर सतरंजीखालून सरळ मिक्सरला, आणि पेडलला एक तुकडा नुसता अडकवलेला. काका कधी उघडून बघतील म्हणून वरून सगळे भाग ओळीने बसवले. लोक खूश, काका खूश. काकांनी त्या दिवशी शिवशंकरला पेढा भरवला, तो खोकत बसला. आम्ही पुढे कितीतरी दिवस हसत होतो.

मी जीवनला म्हणालो होतो, मी एक चांगला बोर्ड करून देतो. तो म्हणाला, नको, दुसऱ्याने केलेलं माझ्या डब्यात नको. तसा तो मानी होता.

आणि खरं सांगायचं तर त्याला ते येणार कसं? दुसऱ्या वर्षातच कॉलेज सुटलेलं. पुढची दोन वर्षं शिवशंकरच्या साउंडवर वायरी गुंडाळत होता. सुट्टीत घरी यायचा तेव्हा माझ्या वह्या पिशवीत घालून यायचा. हे अंजलीने तुला सांगितलंच असेल. मी त्याला कितीदा म्हणालो, घरी सांगून टाक. तो म्हणायचा, "बाबांना सांगता येईल बे, ताईला न्हाई."

आता झालं ते झालं. नवा बोर्ड बसव. काकांच्या मनासारखं होऊ दे.

सतीश


युसूफ वडगाव
२ डिसेंबर २०२४

सतीश,

अंजलीने मला काहीही सांगितलं नव्हतं. कॉलेज सुटल्याचं मला तुझ्या पत्रातून कळलं.

मी दुकानात होते. एक शेतकरी हरभऱ्याच्या औषधाचं बिल मागत होता. मी त्याला दोनदा चुकीचं बिल दिलं. भगवानराव म्हणाले, "बाई, घरी जा." मी घरी गेले नाही, गोदामात पोत्यावर बसून राहिले.

संध्याकाळी भगवानरावांच्या फोनवरून अंजलीला फोन केला. ती म्हणाली, "वन्सं, मला लग्नानंतर कळलं. त्यांनी शपथ घातली होती." शिवशंकरला माहीत होतं, पार्टीला माहीत होतं. ज्यांनी त्याला शिकायला पाठवलं त्यांनाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या वर्षात कॉलेज सुटलं असं तू लिहिलंस. म्हणजे मी वीस वर्षांची होते. माझे बारावीचे गुण तसेच होते. त्या वर्षी तू एका वाक्यात सांगितलं असतंस, तर पुढच्या जूनमध्ये मी अंबाजोगाईला गेले असते. त्या दिवाळीत तू आमच्याकडे जेवायला होतास. आईने तुम्हा दोघांना शेजारी बसवलं होतं. मी वाढत होते. मी विचारलं होतं, अभ्यास कसा चाललाय. जीवन खाली बघून जेवत होता. "ताई, हा वर्गात पहिल्या पाचात असतो," हे तू म्हणालास. मला ते वाक्य आठवतं, कारण मी ते पुढे अनेकांना सांगितलं.

आणखी एक. जीवन म्हणाला होता, दुसऱ्याने केलेलं माझ्या डब्यात नको. त्याने खोटं केलं, पण ते एक त्याने केलं नाही. तेच तू माझ्या हातून करून घेणार होतास. मला न सांगता.

मी बाबांना सांगितलं. बोर्ड त्यांच्यासमोर उलटा ठेवला. त्यांनी चष्मा लावून बघितलं.

"मग आवाज कुठून यायचा गं?"

"मिक्सरवरून. शिवशंकर काढायचा."

"आन् ह्ये समदं चिटकवलेलं हाय?"

"हो."

कॉलेजचंही सांगितलं. आई आतून म्हणाली, "मेलेल्या लेकराचं काय उकरून काढता?" तर बाबा तिच्यावर ओरडले, "उकरत न्हाई! पुरलेलं कुणी हाय ते बघतोय." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझं नाव लागलं होतं. अंबाजोगाईला." एवढ्या वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदा तोंडातून काढलं.

तुला माहीत होतं, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. त्यांना वाटतं तुलाही जीवनने फसवलं. "सतीशला किती वाईट वाटंल," असं म्हणत होते. १५ तारखेला ये आणि तुझ्या तोंडाने सांग. गिटार नाही वाजवलंस तरी चालेल.

तुझा बोर्ड या पार्सलमध्ये परत पाठवते आहे.

वनिता


चाकण
९ डिसेंबर २०२४

ताई,

बोर्ड मिळाला. तू एवढं मनाला लावून घेशील असं वाटलं नव्हतं. मी तरी काय करायचं होतं? मित्राची चहाडी करायची होती का? आणि डी.एड.चं म्हणशील तर त्या काळात डी.एड. झालेली किती पोरं आज बेकार फिरतायत, तूच बघतेस. माझ्या मामेभावाने केलं, आता तो प्लॉटिंगवाल्याकडे आहे. गेली असतीस तरी काय फार वेगळं झालं असतं?

१५ ला येणं अवघड दिसतंय. वर्षअखेरचं उत्पादन, रजा बंद केल्यात. सुपरवायझर ऐकत नाही. काकांना माझा निरोप सांग. मी हार पाठवतोय, राधाकिशनला सांगून ठेवलंय.

तू फार रागावली आहेस का? तेवढं कळव. मला झोप लागत नाही.

सतीश


युसूफ वडगाव
१७ डिसेंबर २०२४

सतीश,

कार्यक्रम झाला. भंतेजींनी त्रिशरण, पंचशील दिलं. हार पोचला, फोटोला घातला.

शिवशंकर आला होता. साउंड त्याचाच होता. आल्या आल्या बाबांच्या पायावर डोकं ठेवून म्हणाला, "काका, चूक माझी. खटका माझा होता." बाबा म्हणाले, "उठ. पेढा काढ माझा परत." शिवशंकर रडायला लागला आणि दोघंतिघं हसायलाही लागले. मग त्याने गपचूप वायरी जोडल्या. मला त्याचा राग आला नाही. तो आला आणि बोलला.

बाबांनी तुझ्यासाठी माइकशेजारी खुर्ची ठेवली होती. माणसं जमली, ढोलकी लागली, तरी सुरू करीनात. "सतीश रस्त्यात असंल. उसाच्या ट्रॉल्या हायत, उशीर व्हतो," म्हणाले. गेल्या वर्षी जीवन अशाच एका ट्रॉलीला मागून धडकला, त्यामुळे ते म्हणता म्हणता घाबरले आणि मला फोन लावायला सांगू लागले. तेव्हा मला सांगावं लागलं. सगळ्यांसमोर नाही, कानात. सतीश येणार नाही, आणि त्याला पहिल्यापासून माहीत होतं. बीडपासून.

त्यांनी विचारलं, "दिवाळीला जेवायला यायचा, तवाबी?"

मी म्हटलं, तेव्हाही.

ते उठले. खुर्ची स्वतः उचलून मागे नेऊन ठेवली आणि माइकपुढे उभे राहिले. गावाला वाटत होतं आता ते जीवनच्या डब्याबद्दल बोलणार. बाबा म्हणाले, "मी वर्षभर तुमाला सांगत फिरलो, माझ्या पोरानं मशीन केली. त्यानं न्हाई केली. त्याला येत नव्हती. माझ्या दोन लेकरांनी शाळा सोडली. एकीनं सांगून सोडली, एकानं न सांगता. सांगून सोडली तिचं मी कधी नाव घेतलं न्हाई. ती वनिता, ती तिथं बसलीय."

सगळी माणसं वळून माझ्याकडे बघायला लागली. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. बाबांनी गायला सुरुवात केली. गिटार नव्हतं. शिवशंकरने आवाज घुमवला नाही, साधा ठेवला. बाबांचा आवाज मधे दोनदा फाटला, तो सगळ्यांना तसाच ऐकू गेला.

गेली असतीस तरी काय वेगळं झालं असतं, असं तू विचारलंस. मला माहीत नाही. मी बेकार राहिले असते तर बेकार शिक्षिका राहिले असते. ते मला ठरवता आलं असतं.

चहाडीचंही लिहिलंस. तू जीवनचा मित्र होतास हे खरं. पण मला ताई म्हणत होतास.

रागावले आहे का, ते कळव म्हणालास. आहे. जीवनवर रागावते तेव्हा मधेच त्याची आठवण येते आणि राग पुढे जात नाही. तुझं तसं होत नाही. तू चाकणला आहेस, धडधाकट आहेस, आणि तुला रजा मिळत नाही.

वनिता